संकेतस्थळाचें पान व मराठी अक्षराचें वळण

जुन्या कागदांचे संग्राहक हल्लीं आपलीं दप्तरें संकेतस्थळांवर मांडूं लागले आहेत, व कोणतें स्थळ अधिक देखणें याचीही चर्चा होते. तींत रंग, चित्रें व हालचाल यांची वाखाणणी फार. अक्षराकडे मात्र क्वचितच कोणी पाहतो. पोथी हातीं येतांच आपण समास, ओळींमधील अंतर आणि अक्षराचें वळण पाहतों. पडद्यावरील पानास निराळी कसोटी लावण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

वर्ध्याच्या परिसरांत तरी हा विषय नवा नव्हे. सिंदी मेघे ज्यास लागून आहे त्या वर्धा शहरांत १९३६ सालीं राष्ट्रभाषा प्रचार समिति स्थापन झाली. तिच्या प्रकाशनांत इ, ई, उ, ऊ हीं अक्षरें वगळून अ यासच वेलांटी व उकार जोडण्याची पद्धति चालली. देवनागरी छपाईस शेंकडों खिळे लागत. ते कमी व्हावे हा एक हेतु. पद्धति रुचो वा न रुचो, तिच्यामागील अडचण खरी होती. पडद्यावर ती उरलेली नाहीं. युनिकोड या संकेतप्रणालीच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तींत देवनागरीस स्थान मिळालें व २०१४ च्या सातव्या आवृत्तींत मोडीसही. आणि एका फाँटांत हव्या तितक्या आकृति सांठवितां येतात.

अडचण गेली, तरी अक्षराची हानि थांबली नाहीं. रोमन मथळ्यांत अक्षरें सुटीं, दूर दूर मांडण्याची रीति सध्यां लोकप्रिय आहे. रोमन अक्षरें मुळांतच सुटीं असल्यानें तेथें ती शोभते. तीच आज्ञा देवनागरीस दिली कीं शिरोरेषा तुटते, आणि शब्द फुटक्या कौलांच्या ओळीसारखा दिसतो. ओळींतील अंतर रोमनच्या मापानें ठेविल्यास वरचा रफार व खालचा ऋकार कापले जातात किंवा शेजारच्या ओळीस भिडतात. फिकट करड्या, अति बारीक अक्षरांचा षोकही असाच. बोरूच्या जाड-बारीक रेघेंतून घडलेलें अक्षर त्यांत निर्जीव होतें.

याहून गंभीर गोष्ट ल आणि श यांची. मराठी ल चा देंठ शिरोरेषेपासून मधोमध उतरतो. हिंदी वळणांत उजवीकडे उभा दंड असतो. श चेंही वळण दोहोंकडे वेगळें आहे. कांहीं फाँटांत दोन्ही आकृति असतात, आणि पानाच्या अंतर्गत लेखनांत भाषा ‘मराठी’ अशी नोंदली असल्यास मराठी आकृति आपोआप उमटते. ही एवढी नोंद राहून गेली तर नागपूरकर भोंसल्यांच्या पत्राची नक्कलही परक्या वळणानें वाचावी लागते. रचनाकारास हा दोष दिसत नाहीं. दिसतो तो संग्राहकास, कारण मूळ कागदाचें छायाचित्र त्याच्यासमोर असतें.

फाँटांची वाण आतां नाहीं, हें मोकळ्या मनानें सांगितलें पाहिजे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेनें सिद्ध केलेला ‘मुक्ता’ सात जाडींत विनामूल्य मिळतो. त्याचें अक्षर स्वच्छ व लांब मजकुरास सोसणारें आहे. पूर्वीं प्रत्येक वृत्तपत्राच्या स्थळासाठीं त्याचा स्वतंत्र फाँट उतरवून घ्यावा लागे, नाहींतर पानावर निरर्थक चिन्हें दिसत. आतां फाँट पानाबरोबरच येतो.

नक्कल करणाऱ्याचा हातही मात्र जपून चालावा. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूस, ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्यास. एका रफाराच्या चुकीनें दक्षिणेचा मानकरी बदलतो. दुसऱ्या शब्दांतील र युनिकोडांत निराळा, खालीं बिंदु असलेला आहे. त्यास हलन्त करून पुढें य लिहिल्यास तो बरोबर उमटतो.

कोणतेंही पान तपासतांना आम्ही ‘कर्तृत्व’, ‘शील’ व ‘आचाऱ्यास’ हे तीन शब्द त्यांत घालून पाहतों, मग रंगांकडे वळतों.