अणुभट्टी, सात मिनिटे आणि मी

वक्तृत्व स्पर्धेचा विषय सूचना फलकावर लागला, तेव्हा आम्ही कला शाखेची मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. ‘महाराष्ट्राला अणुवीज हवी काय?’ वेळ सात मिनिटे. राजर्षी शाहूंवर बोलावयाचे तर आमच्यापैकी कोणीही झोपेतून उठून बोलेल, पण अणू? तरीही मी नाव दिले. आमच्या शिवारात शेतीपंपाची वीज पाळीने येते. रात्रीची पाळी असली की वडील बॅटरी व काठी घेऊन उसाला पाणी पाजण्यास जातात, आणि ते परत येईपर्यंत आईचा डोळा लागत नाही. वीज मुबलक झाली तर वडील रात्री घरी झोपतील, एवढाच माझा मुद्दा होता व तो मला पुरेसा वाटत होता.

पहिला मसुदा मी एका बैठकीत लिहिला. ‘विज्ञान हे दुधारी शस्त्र आहे’ अशी दणक्यात सुरुवात केली होती. सरांनी तो वाचला आणि म्हणाले, “यात अणूचे काय आहे? हेच भाषण दूरदर्शनवरही खपेल.” मान खाली घालून ग्रंथालयात गेलो.

तेथे कळले ते असे. साखर कारखान्यात बगॅस जाळून बॉयलरमध्ये वाफ करतात, ती वाफ टर्बाइन फिरवते व वीज तयार होते. अणुवीज केंद्रातही वाफ आणि टर्बाइनच असते. फरक फक्त चुलीत. तेथे युरेनियमच्या अणूवर न्यूट्रॉन आदळतो, अणू दुभंगतो, उष्णता निघते आणि आणखी न्यूट्रॉन सुटतात. ते पुढचे अणू फोडतात. ही साखळी आवरण्यासाठी न्यूट्रॉन शोषणाऱ्या कांड्या असतात. त्या आत सोडल्या की साखळी थांबते.

मग जपानमध्ये फुकुशिमा का घडले? या प्रश्नावर मी दोन दिवस अडलो होतो. उत्तर अखेर आमच्या गुऱ्हाळात सापडले. चुलवाणात चिपाड घालणे थांबवले तरी रस लगेच निवत नाही. निखारे आत धगधगत असतात. काहील वेळेवर उतरली नाही तर गूळ करपतो. अणुभट्टीचेही तसेच. साखळी थांबली तरी दुभंगलेल्या अणूंचे तुकडे उष्णता देत राहतात आणि पाणी सतत फिरवावे लागते. ११ मार्च २०११ रोजी भूकंपाने भट्ट्या ठरल्याप्रमाणे बंद पडल्या होत्या. पण त्सुनामीच्या लाटांनी डिझेल जनित्रे बुडवली, पंप थांबले आणि तीन भट्ट्यांतील इंधन वितळले. येथे काहील उतरवण्याची सोयच नव्हती.

आकड्यांत मी एकदा चांगलाच आपटलो. जैतापूर प्रकल्पात १६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या, म्हणजे एकूण ९९०० मेगावॅट, योजलेल्या होत्या. मी ‘९९०० मेगावॅट युनिट वीज’ असे लिहिले होते. मेगावॅट हा वीजनिर्मितीचा वेग आणि युनिट म्हणजे वापरलेली वीज, हे सरांनी समजावले. मग मी गणित मांडले: पाच अश्वशक्तीच्या मोटारीला पावणेचार किलोवॅट लागतात; म्हणजे सारी केंद्रे पूर्ण जोराने चालली तर अशा सुमारे २६ लाख मोटारी एका वेळी फिरतील! मी खूश झालो. सर मात्र शांतपणे म्हणाले, “तारापूरचे केंद्र १९६९ पासून आहे. तरी तुझ्या वडिलांची पाळी रात्रीची का?” वीज निर्माण होणे वेगळे आणि ती कोणाला केव्हा द्यायची हे ठरणे वेगळे, ही गोष्ट तोपर्यंत माझ्या डोक्यातच आली नव्हती. माझा मुख्य मुद्दा निम्म्यावर आला.

शनिवारी गावी गेलो. रात्री मोटारीपाशी बसून वडिलांना भाषण म्हणून दाखवले. ते चौथीपर्यंत शिकलेले. सगळे ऐकून त्यांनी एकच विचारले, “आणि त्या चुलीची राख कुठं टाकत्यात?” राखेबद्दल मी एक ओळही लिहिली नव्हती. परत येऊन वाचले. वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया करून त्यातील घातक कचरा काचेत गोठवतात. ही सोय तारापूरलाही आहे. पण त्या इंधनातील प्लुटोनियम निम्मे होण्यास सुमारे २४,००० वर्षे लागतात, आणि असा कचरा कायमचा पुरण्याची खोल जागा आपल्या देशात अद्याप नाही.

वसतिगृहात माझा खोलीसोबती राजापूर तालुक्यातला, खाडीकाठचा. त्याचे वडील मासेमारी करतात. त्याच्यापुढे सराव करताना मी माडबनसह पाच गावांतील जमीन आणि तिचा मोबदला हे मुद्दे मोठ्या आवाजात मांडले. तो म्हणाला, “जमिनीचं बोललास. समुद्राचा सातबारा कोणाच्या नावावर असतो?” केंद्रातून समुद्रात सोडले जाणारे कोमट पाणी, बोटींवर येणारे निर्बंध आणि १८ एप्रिल २०११ रोजी नाटे येथील गोळीबारात गेलेला एक जीव, हे तो सांगत होता. माझ्या वहीत नाट्याचे नाव नव्हते.

बाजू बदलावी काय, असा विचार रात्रभर केला. बदलली नाही. आमची आजी ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाची आठवण सांगते. पहाटे भांडी पडली, माणसे अंगणात धावली. त्या भूकंपाचा संबंध अभ्यासक धरणाच्या जलाशयाशी जोडतात. कोयनेच्या पाण्यानेही गावे उठवली. कोळसा धूर देतो. सुखासुखी कोणतीच वीज येत नाही. मात्र मांडणी मी उलटी केली. आधी नाट्याचा मच्छीमार, मग राख, मग फुकुशिमा. विरुद्ध बाजूचे सारे मीच आधी मोकळेपणाने सांगितले, आणि नंतर या अटी पाळून अणुवीज का हवी ते. अटींत समुद्रावर जगणाऱ्यांचा हक्क पहिला ठेवला. मोटारींचे गणित एका वाक्यात आणले व दुधारी शस्त्र काढून टाकले.

स्पर्धेत सहाव्या मिनिटाची घंटा वाजली तेव्हा मी राखेवरच होतो; त्यामुळे शेवट घाईत गुंडाळला गेला. बक्षीस मिळाले नाही. परीक्षक म्हणाले, बाजू कोणती ते उशिरा कळले. ते खरेच होते.

खोलीसोबत्याने त्या रात्री माझी वही मागून घेतली. पुढच्या वर्षी तो विरुद्ध बाजूने बोलणार आहे. आकडे तपासलेले आहेत, एवढे सांगून मी ती त्याला दिली.