अल्झायमर रोग : अंतःक्षेपण उपचार व जोडीदाराचे साहाय्य

अल्झायमर रोगाच्या प्रारंभिक अवस्थेत प्रतिपिंड-औषध नीलेवाटे देण्याच्या उपचारात रुग्णाच्या पतीने वा पत्नीने घ्यावयाचा सहभाग. हा सहभाग केवळ सोबतीपुरता नसतो. उपचाराचा निर्णय, धोक्याची वेळीच ओळख आणि फलाचे मापन ही तिन्ही अंशतः जोडीदाराच्या निरीक्षणावर अवलंबून असतात.

आलोइस अल्झायमर या जर्मन वैद्यांनी १९०६ मध्ये या रोगाचे प्रथम वर्णन केले. रुग्णाच्या मेंदूत तंत्रिका कोशिकांबाहेर बीटा-अमिलॉइड प्रथिनाचे साठे आणि कोशिकांच्या आत टाऊ प्रथिनाचे गुंते आढळतात. नवी औषधे अमिलॉइडाशी बद्ध होऊन ते मेंदूतून काढून टाकण्यास मदत करतात. अमेरिकेत लेकॅनेमॅबास जुलै २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली व डोनानेमॅबास जुलै २०२४ मध्ये. पहिले औषध प्रारंभी दर दोन आठवड्यांनी सुमारे एक तास, तर दुसरे दर चार आठवड्यांनी सुमारे अर्धा तास नीलेतून सोडतात. अमिलॉइडाचे अस्तित्व चाचणीने सिद्ध झालेल्या, सौम्य बोधनिक ऱ्हास किंवा सौम्य स्मृतिभ्रंश असलेल्या रुग्णांपुरतेच हे उपचार मर्यादित आहेत.

निर्णय : रुग्णाची समज शाबूत असतानाच उपचाराचे लाभ व धोके दोघांनी मिळून समजून घेणे इष्ट असते. एपीओई-४ या जनुकप्रकाराच्या दोन प्रती असणाऱ्यांत दुष्परिणामांचा धोका अधिक असल्याने जनुकीय तपासणी सुचविली जाते. तिचा निष्कर्ष अपत्यांनाही लागू पडतो. दोन प्रती असलेल्या व्यक्तीकडून प्रत्येक अपत्यास एक प्रत मिळतेच. म्हणून तपासणीपूर्वीच कुटुंबात विचारविनिमय व्हावा लागतो.

धोक्याची ओळख : मेंदूत सूज येणे किंवा सूक्ष्म रक्तस्राव होणे हा मुख्य दुष्परिणाम होय. लेकॅनेमॅबाच्या प्रमुख चाचणीत १२·६ टक्के रुग्णांत सूज आढळली, परंतु तिची लक्षणे २·८ टक्के रुग्णांतच दिसली. यास्तव उपचारापूर्वी व पहिल्या काही महिन्यांत ठरावीक मात्रांपूर्वी एमआरआय तपासणी करतात. डोकेदुखी, गोंधळ, चक्कर, दृष्टिदोष किंवा झटके ही लक्षणे रुग्ण विसरतो वा सांगू शकत नाही. ती बहुधा जोडीदाराच्याच लक्षात येतात. काही वेळा ही लक्षणे पक्षाघातासारखी भासतात. अशा वेळी रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध दिल्यास प्राणघातक रक्तस्राव संभवतो. म्हणून रुग्ण कोणते औषध घेत आहे, हे तातडीच्या सेवेतील वैद्यास प्रथम सांगणे हे जोडीदाराचे सर्वांत महत्त्वाचे काम ठरते. त्यासाठी औषधाच्या नावाचे कार्ड जवळ बाळगतात. औषध सोडताना किंवा त्यानंतर ताप, थंडी व मळमळ होऊ शकते. त्यामुळे पहिल्या मात्रांच्या दिवशी रुग्णास एकटे ठेवू नये.

फलाचे मापन : उपर्युक्त चाचणीत १,७९५ रुग्ण होते. अठरा महिन्यांनंतर औषध घेणाऱ्यांचा ऱ्हास निष्क्रिय द्रव घेणाऱ्यांपेक्षा २७ टक्क्यांनी मंद आढळला. १८ गुणांच्या श्रेणीवर हा फरक ०·४५ होता. ही श्रेणी स्मरणशक्ती, स्थलकालज्ञान, निर्णयक्षमता, सामाजिक व्यवहार, घरकाम व छंद आणि स्वतःची निगा या सहा अंगांवर आधारलेली असून, तिच्यासाठी रुग्णाबरोबर निकटच्या व्यक्तीचीही मुलाखत घेतात. दोन्ही गटांत ऱ्हास चालूच राहिला. म्हणजे औषधाने गेलेली स्मृती परत येत नाही, आणि जे घडले नाही ते जोडीदारास दिसत नाही. सुधारणेची अपेक्षा ठेवल्यास निराशा वाट्यास येते; हिशेब, स्वयंपाक, औषधे यांतील बदलांची दिनांकवार नोंद ठेवणे वैद्यास अधिक उपयुक्त असते.

जोडीदार स्वतःही बहुधा वृद्ध असतो. केंद्रात वारंवार ने-आण, जागरण व चिंता यांचा त्याच्या प्रकृतीवर परिणाम होतो. अपत्ये वा आप्त यांच्यात काही फेऱ्या वाटून देणे हितावह असते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत, अठरा महिन्यांच्या नीलेवाटे उपचारानंतर लेकॅनेमॅबाची साप्ताहिक मात्रा घरीच त्वचेखाली टोचण्यास मान्यता मिळाली. त्यामुळे केंद्रातील फेऱ्या कमी होतात; मात्र घरातील निरीक्षणाची जबाबदारी कायम राहते.