बोटीवर कप्तान असतो, डॉक्टर नसतो

समजा, पुण्यातले आठ जणांचे एक कुटुंब आहे. आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षे होणार म्हणून मुलगा-सून आणि लेक-जावयाने ठरवले, की या वेळी हॉटेल नको. सेशेल्सला जायचे आणि आठवडाभर कर्मचाऱ्यांसह नौका भाड्याने घ्यायची. नौका चालवायला कप्तान, रांधायला आचारी, मदतीला खलाशी. आपण फक्त समुद्र पाहायचा. आगाऊ रक्कम भरली आणि काही दिवसांनी चार्टर कंपनीकडून एक अर्ज आला. प्रत्येकाचे वय, खाण्यापिण्याच्या आवडीनिवडी, ॲलर्जी, पोहता येते का, आणि शेवटी एक रकाना : आजार आणि चालू औषधे.

खाण्याचे रकाने सगळ्यांनी मन लावून भरले. आईचा गुरुवार, नातवाला न चालणारे शेंगदाणे, आले घातलेला चहा, काही राहिले नाही. शेवटच्या रकान्यापाशी लेकीने विचारले, “बाबा, अँजिओप्लास्टीचं लिहायचं ना?”

“नको गं. उगाच बोटीवर घ्यायचे नाहीत. लिही, काही नाही.”

असे संवाद पुष्कळ घरांत होतात. विमा काढताना, नोकरीची तपासणी करताना आणि सहलीला जाताना आजार लपवायची आपल्याला सवय आहे. जमिनीवर ही लपवाछपवी बऱ्याचदा खपून जाते, कारण हाकेच्या अंतरावर दवाखाना असतो. समुद्रावर ती अंगाशी येऊ शकते.

सेशेल्स हा हिंदी महासागरातला शंभराहून अधिक बेटांचा देश. पहिल्यांदा नौका घेणारे बहुतेक पर्यटक त्यातल्या माहे, प्रालिन आणि ला दीग या बेटांच्या परिसरात फिरतात. (हे माहे म्हणजे केरळला लागून असलेले आपले माहे नव्हे.) मोठे रुग्णालय माहे बेटावरच्या व्हिक्टोरिया या राजधानीत आहे. प्रालिन आणि ला दीगवर लहान रुग्णालये आहेत. माहे ते प्रालिन हे अंतर सुमारे ४५ किलोमीटर. शिडाच्या नौकेला ते कापायला वाऱ्याप्रमाणे निम्मा दिवसही लागू शकतो. हॉटेलच्या दारात रुग्णवाहिका येते. नांगर टाकून उभ्या असलेल्या नौकेपर्यंत आधी कोणाला तरी छोट्या होडीतून यावे लागते.

कप्तानाला प्रथमोपचाराचे प्रशिक्षण असते, नौकेवर औषधांची पेटी असते आणि रेडिओवरून मदत मागता येते. समुद्रावरच्या रुग्णासाठी दूरवरून डॉक्टरचा सल्ला मिळवण्याची पद्धत तर जुनी आहे. रोममधले असे एक केंद्र १९३५ पासून हे काम करत आले आहे. पण दूरवरचा डॉक्टर सर्वात आधी हेच विचारतो, की रुग्णाला पूर्वीचा आजार कोणता आणि औषधे कोणती चालू आहेत. त्या क्षणी अर्जावर ‘काही नाही’ लिहिलेले असेल आणि रुग्ण बोलण्याच्या स्थितीत नसेल, तर सल्ला देणारा अंधारात चाचपडतो.

उदाहरणार्थ, स्टेंट बसवलेल्या बहुतेक रुग्णांना रक्तातल्या बिंबिका एकमेकींना चिकटू नयेत म्हणून गोळ्या चालू असतात. ओल्या डेकवर पाय घसरून डोके आपटले, तर इतरांना नुसते टेंगूळ येईल. अशा रुग्णाला कवटीच्या आत रक्तस्राव होण्याचा धोका जास्त असतो. ‘थोडे पडून राहा’ म्हणायचे की नांगर उचलून थेट रुग्णालयाकडे निघायचे, हा निर्णय कप्तानाने घ्यायचा असतो आणि तो त्या एका रकान्यावर अवलंबून असतो.

पाण्यात उतरणे हाही हृदयासाठी एक व्यायामच आहे. शरीर गळ्यापर्यंत पाण्यात गेले, की पाण्याच्या दाबाने पायांतले बरेचसे रक्त छातीकडे सरकते. निरोगी हृदय ते सहज पेलते, अशक्त हृदयाला जड जाते. त्यात तोंडात नळी धरून स्नॉर्केलिंग करायचे, नाकातोंडात पाणी गेले की घाबरायचे आणि प्रवाहाविरुद्ध हातपाय मारायचे. म्हणजे बाबांनी पाण्यात उतरूच नये असे नाही. एरवी दोन जिने न थांबता, धाप न लागता चढता येतात का, नुकत्याच केलेल्या तपासण्या काय सांगतात, हे त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञाने पाहिले पाहिजे. परवानगी मिळाली, तर लाइफ जॅकेट घालून, शांत पाण्यात, सोबत खलाशी ठेवून उतरता येते. ही सोय कप्तान करू शकतो, पण त्याला माहीत असेल तरच. ‘पोहता येते का’ या रकान्यालाही हेच लागू. शाळेत असताना विहिरीत पोहलेला माणूस साठीनंतर समुद्रात पोहू शकेलच असे नाही.

म्हणून नियोजनाची सुरुवात तिकिटांच्याही आधी, दीड-दोन महिने अगोदर, आपल्या डॉक्टरकडे व्हावी. मधुमेह असलेल्यांनी एक प्रश्न आवर्जून विचारावा : उलट्या लागल्या आणि जेवण गेले नाही, तर कोणती गोळी थांबवायची आणि कोणती नाही? मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या अशा वेळी बहुधा तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनाने पूर्ण बंद करायचे नसते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनीही हाच प्रश्न विचारावा, कारण ऊन, घाम आणि उलट्या एकत्र आल्या की शरीरातले पाणी आणि क्षार झपाट्याने कमी होतात. सगळी औषधे दुप्पट दिवसांची घ्यावीत आणि हातातल्या बॅगेत ठेवावीत. विमानाच्या सामानकक्षात इन्सुलिन गोठू शकते आणि गोठलेले इन्सुलिन निकामी होते. औषधांची मूळ नावे लिहिलेली इंग्रजी चिठ्ठी आणि शेवटच्या ईसीजीची प्रत सोबत असावी.

मार्ग निवडतानाही आरोग्याचा विचार हवा. सेशेल्समध्ये हिवताप नाही, पण डेंग्यू आहे. त्यामुळे किनाऱ्यावर उतरताना दिवसाही डास पळवणारे मलम लागते. तिकीट स्वस्त मिळते म्हणून इथिओपिया किंवा केनियामार्गे जाणार असाल, तर पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र लागते का, हे आधी तपासावे. ही लस किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. शिवाय ती जिवंत विषाणूंची असल्याने ६० वर्षांवरील व्यक्तीला देताना डॉक्टरला दोनदा विचार करावा लागतो. आजी-आजोबा सोबत असतील, तर थेट विमान किंवा आखातातून जाणारा मार्ग बरा.

ऋतूचेही तसेच. तिथे मे ते ऑक्टोबर आग्नेयेचे जोरदार वारे वाहतात, डिसेंबर ते मार्च वायव्येचे वारे आणि पाऊस असतो. एप्रिल आणि नोव्हेंबर हे त्यामानाने शांत महिने. पहिल्याच खेपेला जाणाऱ्यांनी हे महिने निवडले, तर बोट लागण्याचा त्रास कमी होऊ शकेल.

बोट लागते म्हणजे काय? आतल्या कानातले तोल सांभाळणारे इंद्रिय मेंदूला सांगते, की शरीर हलते आहे. केबिनमध्ये बसलेले डोळे सांगतात, की सारे स्थिर आहे. या दोन निरोपांचा मेळ बसत नाही आणि मळमळ सुरू होते. चार्ल्स डार्विनला ‘बीगल’ जहाजावरच्या जवळपास पाच वर्षांच्या सफरीत हा त्रास वारंवार झाला. तेव्हा यात दुबळेपणा काही नाही. दोन तळांची कॅटामरान नौका एका तळाच्या नौकेपेक्षा कमी कलते, म्हणून नवख्यांना ती सोयीची. नौकेच्या मध्यभागी, मोकळ्या हवेत, नजर क्षितिजावर ठेवून बसावे. मोबाइल आणि पुस्तक बाजूला ठेवावे. प्रोमेथाझिन किंवा सिनारिझिनची गोळी निघण्याआधी घ्यावी लागते. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. या गोळ्यांनी झोप येते. प्रोस्टेटचा त्रास किंवा काचबिंदू असलेल्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत.

सेशेल्स विषुववृत्ताच्या दक्षिणेला चार-पाच अंशांवर आहे. तिथले ऊन कातडी भाजून काढते, आपली सावळी कातडीसुद्धा. स्नॉर्केलिंग करताना मान, पाठ आणि पोटऱ्या वर राहतात आणि पाण्याच्या गारव्यात चटका जाणवत नाही. लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट हा त्यावरचा साधा उपाय. उथळ पाण्यात पायाला विषारी माशाचा काटा लागला, तर पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात तास-दीड तास बुडवून ठेवावा. त्या विषाची तीव्रता उष्णतेने कमी होते. मात्र पाणी आधी दुसऱ्याने हात घालून पाहावे आणि नंतर डॉक्टरला दाखवावे. स्कूबा केले असेल, तर शेवटच्या बुडीनंतर विमान पकडण्याआधी किमान १८ तास जाऊ द्यावेत.

गळाला लागलेला ताजा मासा हे अशा सहलीचे मोठे आकर्षण. ट्यूना किंवा आपल्या बांगड्याच्या कुळातला मासा लगेच बर्फात गेला नाही, तर त्यात हिस्टामिन तयार होते. शिजवूनही ते जात नाही. खाल्ल्यावर चेहरा लाल होतो, डोके ठणकते, अंगावर पित्त उठते. प्रवाळाजवळच्या मोठ्या शिकारी माशांत आणखी एक विष साठू शकते. त्याला ना चव, ना वास. कोणता मासा खायचा, हे स्थानिक कप्तानाला ठरवू द्यावे. शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असलेल्या नातवासाठी ॲड्रेनलिनचे इंजेक्शन सोबत हवे आणि ते कसे द्यायचे, हे किमान दोन मोठ्यांना यायला हवे.

शेवटी विमा. पूर्वीचा आजार, स्कूबा आणि समुद्रातून रुग्णाला हलवण्याचा खर्च या तीन गोष्टी त्यात आहेत का, हे कागद वाचूनच पाहावे. आणि विम्याच्या अर्जातही ‘काही नाही’ लिहिले असेल, तर दावा नाकारला जाऊ शकतो.

अर्जात खरे लिहिले, की कंपनी बोटीवर घेणार नाही ही भीती बहुतेकदा फोल ठरते. डॉक्टरचे पत्र सोबत असेल, तर कप्तान इतकेच करतो : मोठा पल्ला सकाळच्या शांत वेळी ठेवतो, बाबांना कमी पायऱ्यांची केबिन देतो आणि मुक्काम शक्यतो रुग्णालय असलेल्या बेटांजवळ आखतो. आठवड्याच्या मजेत काही उणे होत नाही.

प्रालिनजवळ क्युरियूज नावाचे छोटे बेट आहे. महाकाय कासवे पाहायला नौका तिथे थांबतात. एकेकाळी कुष्ठरुग्णांना समाजापासून दूर ठेवण्यासाठी हे बेट वापरले जात असे. आजार लपवावासा वाटावा, अशीच वागणूक तेव्हा रुग्णांना मिळत होती. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे एकोणिसाव्या शतकातले घर अजून उभे आहे. आता ते संग्रहालय आहे, तिथे डॉक्टर राहत नाहीत. बाबा नातवाचा हात धरून त्या घराच्या पायऱ्या चढतील, तेव्हा त्यांच्या खिशात औषधांची चिठ्ठी असावी आणि कप्तानाच्या फायलीत खरा भरलेला अर्ज.