रुग्णालयीन कचऱ्याची विल्हेवाट : कायद्यातून उभा राहिलेला प्रादेशिक सेवाव्यवसाय

एखादा सेवाव्यवसाय सामान्यतः मागणीमुळे वाढतो. रुग्णालयांतील कचरा गोळा करून त्यावर प्रक्रिया करणारा प्रादेशिक व्यवसाय भारतात मात्र कायद्यामुळे उभा राहिला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील ५० वा त्याहून अधिक खाटांच्या रुग्णालयांना स्वतःच्या भट्ट्या बसविण्याचा आदेश दिला होता. हेतू योग्य होता. परंतु भरवस्तीतील लहान भट्ट्यांना पुरेसे तापमान गाठता येत नाही आणि क्लोरिनयुक्त प्लास्टिक अर्धवट जळाल्यास डायऑक्सिन व फ्युरान ही घातक द्रव्ये हवेत मिसळतात. त्यामुळे १९९८ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनंतर अनेक रुग्णालयांसाठी एकच सुसज्ज केंद्र असावे, हा विचार बळावला.

२०१६ च्या नियमांनी या विचाराला निश्चित रूप दिले. ७५ किलोमीटरच्या अंतरात सामायिक प्रक्रिया केंद्राची सेवा उपलब्ध असेल, तर रुग्णालयाला स्वतःची यंत्रणा उभारता येत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या त्याच वर्षीच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या परिघात १०,००० खाटा नसतील, तर केंद्राला १५० किलोमीटरपर्यंत सेवा देण्याची मुभा मिळू शकते; कचऱ्यावर ४८ तासांच्या आत प्रक्रिया होणे मात्र आवश्यक असते. व्यवसायाचा परीघ ठरतो तो असा. खर्चिक यंत्रसामग्रीला पुरेसा कचरा मिळावा, हे त्यामागील अर्थकारण होय. पण त्याच तरतुदीमुळे अनेक ठिकाणी रुग्णालयांपुढे एकाच सेवादात्याशिवाय पर्याय उरत नाही.

ही यंत्रसामग्री कचऱ्याच्या रंगानुसार विभागलेली असते. पिवळ्या पिशवीतील शरीरावयव व रक्ताने माखलेले कापूस-बोळे भट्टीत जातात. भट्टीच्या पहिल्या कक्षात ८०० अंश, तर दुसऱ्या कक्षात सुमारे १,०५० अंश सेल्सिअस तापमान लागते. दुसऱ्या कक्षात वायू किमान दोन सेकंद राहिला पाहिजे. १९९८ च्या नियमांत हा काळ एक सेकंद होता. लाल पिशवीतील नळ्या, हातमोजे व सुया काढलेल्या सिरिंज ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने निर्जंतुक करून श्रेडरमध्ये त्यांचे तुकडे केले जातात आणि ते प्लास्टिक अधिकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांना विकता येते. सुया पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात, तर काचेच्या वस्तू निळ्या खोक्यात ठेवतात.

तुकडे करण्याचा आग्रह अनाठायी नाही. २००९ मध्ये गुजरातमधील मोडासा येथे हेपेटायटिस-बी ची साथ पसरून अनेकांचे प्राण गेले. वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्या गेल्याचे त्या वेळी उघड झाले होते. अखंड सिरिंज भंगारात गेली, तर ती पुन्हा रुग्णापर्यंत पोहोचू शकते.

व्यवसायातील खरी गुंतागुंत शुल्काच्या पद्धतीत आहे. वजनावर आकारणी केल्यास कचरा कमी दाखवून उरलेला नगरपालिकेच्या कुंडीत टाकण्याचा मोह रुग्णालयाला होतो. खाटेनुसार आकारणी केल्यास हा मोह टळतो, पण कचरा घटविण्याचे प्रोत्साहनही संपते. शिवाय खाटाच नसलेल्या दवाखान्यांचे व प्रयोगशाळांचे काय, हा प्रश्न उरतोच. त्यात आणखी एक पेच आहे. वर्गीकरण न करता कचरा देणाऱ्या रुग्णालयाची माहिती प्राधिकरणाला कळविणे हे नियमानुसार केंद्रचालकाचे कर्तव्य आहे. म्हणजे ज्या ग्राहकाकडून शुल्क घ्यायचे, त्याचीच तक्रार करायची! पिशव्यांवरील बारकोडमुळे कोणत्या रुग्णालयाने काय दिले याची नोंद राहते आणि त्यामुळे हे कर्तव्य थोडे सुकर होते, इतकेच.

२०२० मधील कोविड साथीत या व्यवस्थेची कसोटी लागली. त्या वर्षी देशात दररोज सुमारे ६५० टन जैववैद्यकीय कचरा निर्माण होत होता आणि कोविडचा कचरा त्याखेरीज होता. पिवळ्या कचऱ्याचा भार भट्ट्यांच्या क्षमतेपलीकडे गेल्यास औद्योगिक घातक कचऱ्याच्या भट्ट्या वापरण्याची परवानगी देण्यात आली होती.

देशात आज २०० हून अधिक सामायिक केंद्रे आहेत. तरी २०२० च्या सुमारास लक्षद्वीप, मिझोराम, सिक्कीम अशा प्रदेशांत एकही नव्हते. वाहन पोहोचू न शकणाऱ्या दुर्गम भागांसाठी नियमांनी खोल पुरण्याची पद्धत कायम ठेवली आहे. त्यासाठी सुमारे दोन मीटर खोल खड्डा खणून तो कचऱ्याने निम्मा भरतात, त्यावर चुना टाकतात आणि उरलेला भाग मातीने बुजवितात.