मायबोलीचा हजेरीपट

मे महिना सरत आला की आमच्या बीदर-कलबुर्गी भागातील मराठी शाळांच्या मुख्याध्यापकांना पावसाच्या आधी पटाची काळजी लागते. इयत्ता पहिलीत यंदा किती नावे पडतील, हा एकच प्रश्न मनात घोळत असतो. पूर्वी जागा पुरत नसे. आता काही गावांतून पहिलीची नावे बोटांवर मोजावी लागतात.

गतवर्षी याच दिवसांत भालकीकडच्या एका खेड्यातून एक आजीबाई नातवाचे बोट धरून आमच्याकडे आल्या. सोबत मुलाचे वडील होते. मुलगा सहा वर्षांचा, मोठा चुणचुणीत. आमच्याशी तो मराठीत बोलत होता आणि दाराशी उभ्या असलेल्या शिपायाशी तितक्याच सहजतेने कानडीत. त्याचे नाव तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालण्याचे वडिलांनी ठरविलेच होते. केवळ आईचे मन मोडू नये म्हणून ते आमच्याकडे आले होते.

"सर, मराठी आम्ही घरात बोलतोच की! त्याच्यासाठी शाळा कशाला?" ते म्हणाले.

आजीबाई लगेच उत्तरल्या, "बोलतूस खरं. पन दत्तजयंतीला पोथी कोन वाचल? तुझा बाप गेल्यापून गुरुचरित्र बासनातच हाय. तुला तरी वाचाया येतंय का?"

वडील खाली पाहू लागले. त्यांचे सारे शिक्षण कानडीतून झाले होते. ते मराठी उत्तम बोलत, परंतु ओवी वाचण्याची सवय त्यांस कधी लागलीच नव्हती. सीमाभागातील मराठीचा सारा प्रश्न या माय-लेकरांच्या दोन वाक्यांत सामावलेला आहे, असे आम्हांस त्या दिवशी वाटले.

आमचा हा मुलूख एका भाषेचा कधीच नव्हता. बसवकल्याण हे आजचे तालुक्याचे गाव एके काळी चालुक्यांची राजधानी होते. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला, आणि मराठी गीतांचे अगदी आरंभीचे नमुने याच ग्रंथात सापडतात. त्याच कल्याणात पुढे बसवेश्वरादी शरणांनी कानडी वचनांची गंगा वाहविली. कलबुर्गी जिल्ह्यातील गाणगापूर भीमा-अमरजेच्या संगमावर वसलेले. तेथील नृसिंह सरस्वतींचे चरित्र सांगणारा 'गुरुचरित्र' हा ग्रंथ घरोघरी मराठीत वाचला जातो. परंतु त्याचे कर्ते सरस्वती गंगाधर यांची मातृभाषा कानडी होती, असे अभ्यासक मानतात. हुमनाबादजवळच्या माणिकनगरचे माणिकप्रभू (१८१७-१८६५) यांनी तर मराठी, कानडी व हिंदी अशा अनेक भाषांतून पदे रचली. आणि आम्ही मराठी माणसे ज्यांना आपल्या घरचे समजतो ते अण्णा, अक्का, तूप आणि अडकित्ता हे शब्द कानडीच्याच अंगणातून आलेले आहेत.

निजामाच्या अमदानीत मात्र या दोन्ही भाषा दाराबाहेर होत्या. राज्यकारभार उर्दूचा आणि शिक्षणही मुख्यत्वे उर्दूचे. भालकी मठाचे चन्नबसव पट्टद्देवरु यांनी त्या काळात शाळेवर उर्दू पाटी लावून आत मुलांना कानडी शिकविले, ही गोष्ट आमच्या जिल्ह्यात आजही आदराने सांगितली जाते. हे स्वामीजी मूळचे कमलनगरचे, आणि आज त्याच कमलनगरच्या आसपासच्या खेड्यांतून घराघरांत मराठी नांदते. ज्या भाषेने स्वतः चोरून धडे गिरविले, तिच्या माणसांना शेजारणीचे दुःख समजावून सांगणे अवघड पडू नये, असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे.

सन १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. जुन्या बीदर जिल्ह्याचे त्या दिवशी तीन वाटे झाले. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके तत्कालीन मुंबई राज्यात गेले; जहीराबाद-नारायणखेडचा भाग आंध्र प्रदेशास मिळाला; बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग म्हैसूर राज्यात आला. बहीण उदगीरला आणि भाऊ कमलनगरला, अशी अनेक घरे झाली. रेल्वेने एक-दोन स्थानकांचे अंतर, पण राज्य वेगळे आणि शाळेची भाषाही वेगळी.

सीमेचा वाद हा या लेखाचा विषय नव्हे. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. सीमा कोठेही असली तरी भाषा घरात टिकते की नाही, हा प्रश्न उरतोच. या दृष्टीने आम्ही जगात अन्यत्र काय घडते याची चौकशी करू लागलो, तेव्हा आमच्या वाचनात जर्मनीतील एक लहानसे खेडे आले. त्याची हकिकत वाचकांस सांगावीशी वाटते.

जर्मनीच्या पूर्व भागात, पोलंड व चेक देशांच्या सीमांजवळ, लाउझित्स नावाचा प्रदेश आहे. तेथे सॉर्ब नावाचे लोक राहतात. त्यांची भाषा जर्मन नव्हे. ती पोलिश व चेक यांच्या कुळातील. हजारबाराशे वर्षांहून अधिक काळ हे लोक त्या भूमीत आहेत, आणि त्यांची संख्या सुमारे ६०,००० सांगितली जाते. भोवती कोट्यवधी जर्मन भाषकांचा सागर! सन १९१२ मध्ये त्यांनी आपल्या संस्थांचा 'डोमोविना' हा संघ स्थापला. हिटलरच्या राजवटीत, १९३७ मध्ये, त्याच्या कार्यावर बंदी आली. युद्धानंतर १९४८ मध्ये सॅक्सनी प्रांताने सॉर्बांच्या हक्कांचे रक्षण करणारा कायदा केला.

याच प्रांतातील क्रोस्टविट्झ हे खेडे, सॉर्ब भाषेत ख्रोश्चित्सी. लोकसंख्या हजाराच्या आसपास. रस्त्यावरील पाट्या दोन्ही भाषांत. ईस्टरच्या दिवशी गावचे पुरुष काळे कोट व उंच टोप्या घालून घोड्यांवर स्वार होतात आणि येशूच्या पुनरुत्थानाची वार्ता सॉर्ब भक्तिगीतांतून गात शेजारच्या गावी जातात. त्या गावचे स्वार दुसऱ्या वाटेने यांच्याकडे येतात. आमच्याकडे आषाढीला निघणाऱ्या दिंडीची आठवण व्हावी असाच हा सोहळा आहे.

पण सणांच्या बळावर भाषा निर्धास्त झाली असे तेथेही घडले नाही. सन २००१ मध्ये या गावच्या माध्यमिक शाळेत पाचवीच्या वर्गासाठी १७ मुले आली, आणि नियमाला किमान २० हवी होती. तीन मुले कमी पडली म्हणून वर्गाला मान्यता नाकारण्यात आली. पालकांनी मुलांना तरीही शाळेत पाठविले आणि निवृत्त शिक्षकांनी काही आठवडे त्यांना शिकविले. अनेक ठिकाणांहून पाठिंबा आला, परंतु शेवटी २००३ मध्ये ती माध्यमिक शाळा बंद झाली. वर्षानुवर्षे पटावरील नावे मोजत आलेल्या आम्हांस हे वाचताना दूर देशीची गोष्ट वाचतो आहोत असे वाटेना.

यानंतर त्या लोकांनी काय केले, हे अधिक महत्त्वाचे. गावची प्राथमिक शाळा त्यांनी सोडली नाही. मोठी मुले जवळच्या गावांतील सॉर्ब शाळांत जाऊ लागली. त्याआधीच, १९९८ मध्ये, कॉटबुस शहरालगतच्या एका बालवाडीत 'विताय', म्हणजे 'स्वागत', नावाचा उपक्रम सुरू झाला होता. ज्या मुलांच्या घरून सॉर्ब भाषा गेली होती, त्यांच्याशीही बाई दिवसभर सॉर्बमध्येच बोलत. आजीला येणारी पण आईला न येणारी भाषा नातवंडांना देण्याचा हा यत्न पुढे इतर गावांत पसरला. जर्मन भाषेशी त्यांनी वैर धरले नाही. प्रत्येक सॉर्ब मूल जर्मन उत्तम जाणते.

आता आमच्याकडे वळू. आमच्या संविधानाने १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने ३५० (क) हे कलम घातले आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असे राज्यांना सांगितले. कर्नाटकात मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत. त्यांची पाठ्यपुस्तके शासनच मराठीत छापते. सन २०१५ च्या कायद्याने सर्व शाळांत कानडी शिकणे आवश्यक झाले, आणि ते योग्यच आहे. ज्या राज्यात राहायचे, नोकरी करायची, सातबाऱ्यासारखे उतारे वाचायचे, त्याची भाषा मुलांना यावयासच हवी. कानडी आल्याने कोणाची मराठी गेल्याचे आम्ही आपल्या चाकरीत पाहिलेले नाही.

मराठी जाते ती निराळ्याच वाटेने. घरात बोलतोच, तेव्हा वाचायला शिकविण्याची गरज नाही, या समजुतीने ती जाते. बोलणे ही भाषेची एक पिढी झाली. वाचणे ही तिची पुढची पिढी. आजोबा वाचत, वडील नुसते बोलतात, मुलाला समजते पण उत्तर तो दुसऱ्या भाषेत देतो. चौथ्या पिढीत आडनावापुरती मराठी उरते. ख्रोश्चित्सीचा स्वार घोड्यावरून गातो तेव्हा गीतांचे पुस्तक त्याच्या हाती असते, आणि ते वाचायला तो बालपणी शिकलेला असतो. आमच्या गावांतील सप्ताह आजही थाटात होतात, ध्वनिक्षेपक लागतात, पंगती उठतात. परंतु पारायणाला बसणाऱ्यांत तरुण किती, हे ज्याचे त्याने मोजून पाहावे.

पालकांना दोष देणे सोपे आहे. मुलाने इंग्रजी शिकून पुढे जावे असे कोणाला वाटणार नाही? शाळेची निवड हा त्यांचा अधिकार. परंतु शाळा कोणतीही असो, आठवड्यातून दोन घटका मराठी वाचनास देणे कोणत्याही घराला जड नाही. जी मुले शाळेत हिंदी शिकतात त्यांना देवनागरी अक्षरे आधीच ठाऊक असतात. उरतो तो 'ळ' आणि थोडा सराव. वडोदरा, इंदूर, हैदराबाद, बंगळूर, कोठेही राहणाऱ्या मराठी कुटुंबास हे लागू आहे. आणि जेथे मराठी शाळा अजून उभी आहे, तेथे पहिलीच्या पटावर एक नाव घालणे हे भाषेच्या शंभर सभांहून मोठे काम आहे. ख्रोश्चित्सीत तीनच नावे कमी पडली होती.

त्या आजीबाईंच्या नातवाचे काय झाले, असे वाचक विचारतील. त्याचे नाव इंग्रजी शाळेतच पडले. आमच्या पटावर तो आला नाही, याचे वाईट वाटले. परंतु आम्ही वडिलांना एकच विनंती केली होती, आणि ती त्यांनी मानली. रविवारी सकाळी ते मुलाला घेऊन आमच्या घरी येतात. मुलगा बाराखडी गिरवितो आणि वडील, संकोच सोडून, शेजारी बसून त्याच्याबरोबर वाचतात. गेल्या दत्तजयंतीला आजीबाईंनी बासन सोडले. सात दिवसांचे पारायण काही झाले नाही. वडिलांनी अडखळत, बोट ठेवीत, एक अध्याय पुरा केला. म्हाताऱ्या बाई समोर हात जोडून बसल्या होत्या.

एका अध्यायाला दीड तास लागला, असे ते आम्हांस थोड्या लाजेनेच सांगत होते. आम्ही म्हटले, "पुढच्या वर्षी एक तास लागेल."