काचेच्या पाटीवरचा फड

पेठहून मंचर आणि कळंब मागे टाकून नारायणगावला पोहोचावे, तर पाडव्याच्या सुमारास तेथे तमाशा फडांच्या राहुट्या लागलेल्या दिसतात. गावोगावची पंचमंडळी यात्रेची सुपारी ठरवायला येतात. विठाबाईंच्या नावाने ओळखले जाणारे हे गाव. तेथल्या फडात ढोलकीवाला कोठे उभा राहील, हलगी, तुणतुणे आणि झांज कोठे, झील कोण धरील, हे सारे ठरलेले असते. नवखा माणूसही घटकाभर बसला की त्याला फडाची मांडणी उमगते.

हाच फड आता टॅब्लेट नावाच्या काचेच्या पाटीत मावतो, असे तरुण मंडळी सांगतात. आणि ते खरे आहे. मात्र पाटीवरची मांडणी पाहून जाणता ढोलकीवालाही गोंधळतो. म्हणून ती मांडणीच आज उलगडून पाहू. उदाहरणाला आम्ही 'गॅरेजबँड' घेतो. ॲपल कंपनीने ते २०११ साली आयपॅडवर आणले आणि २०१७ पासून ते सर्वांना विनामूल्य मिळते. दुसऱ्या कंपन्यांच्या पाटीवर 'बँडलॅब' चालते. तपशील वेगळा असला तरी मूळ मांडणी तीच.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की येथे खोल्या दोन आहेत. एकीत वाजवायचे, दुसरीत मांडायचे. नवे गाणे उघडले की आपण पहिल्या खोलीत असतो. समोर पेटीच्या पट्ट्या किंवा मायक्रोफोनचा काटा दिसतो. वरच्या बाजूला आडव्या तुटक रेघांचे एक चिन्ह आहे. त्याला बोट लावले की दुसरी खोली उघडते. निम्मे लोक पहिल्या खोलीतच घुटमळतात आणि 'मघाशी वाजवलेले गेले कोठे?' म्हणून विचारतात. ते शेजारच्या खोलीत असते.

या दुसऱ्या खोलीत काळ डावीकडून उजवीकडे चालतो आणि माणसे वरून खाली बसलेली असतात. एका वाद्याला एक ओळ. तिलाच ट्रॅक म्हणतात. ढोलकीची एक, तुणतुण्याची एक, गायिकेची एक. अशा ३२ ओळी मांडता येतात. बीटल्सनी १९६७ साली 'सार्जंट पेपर' केला तेव्हा चार पट्ट्यांच्या यंत्रावर भागवले होते, हे आठवले की या पाटीचे मोल कळते. मायक्रोफोनने भरलेला आवाज निळ्या तुकड्यात दिसतो, पाटीवरच्या वाद्याने वाजवलेला हिरव्या. वर मोजपट्टी आहे आणि तिच्यावरून एक उभी रेघ सरकते. रेघ जेथे, तेथले गाणे ऐकू येते. दोन बोटे पडद्यावर फाकवली की तुकडा मोठा दिसतो, जवळ आणली की सारा फड एका नजरेत येतो.

आता खरी अडचण. मोजपट्टी सुरुवातीला आठच घरांची असते. प्रत्येक घरात चार मात्रा आणि लय मिनिटाला ११० ठोक्यांची. हिशेब केला तर बत्तीस मात्रा साडेसतरा सेकंदांत संपतात! पोवाडा गाणारा शाहीर अजून गणातच असतो आणि मुद्रण थांबते. बिचाऱ्याला वाटते, यंत्र बिघडले. १९०२ साली कलकत्त्यात गोहरजानची तबकडी निघाली, तेव्हाही गाणे तीनएक मिनिटांत आवरावे लागे. तेथे मेणाच्या तबकडीत जागाच तेवढी होती. येथे तसे काही कारण नाही. मोजपट्टीच्या उजव्या टोकाला अधिकचे चिन्ह आहे. ते उघडून विभागाची लांबी 'ऑटोमॅटिक' करावी. मग गाणे हवे तेवढे चालते.

दुसरी गोष्ट तालाची. चार-चार, तीन-चार आणि सहा-आठ एवढीच मापे हे यंत्र देते. केरवा त्यात सुखाने बसतो, दादराही बसतो. झपतालाच्या दहा मात्रांना त्यात घर नाही. आमचा सल्ला असा की ताल यंत्राचा नसेल तेव्हा त्याची टिकटिक बंद करावी, ढोलकीवाल्याला आधी मोकळे वाजवू द्यावे आणि बाकीच्यांनी कानाला हेडफोन लावून त्याच्या मागे जावे. हेडफोन नसला तर गायिकेच्या ओळीत ढोलकीही शिरते आणि मग ती वेगळी काढता येत नाही.

ओळीचे डोके उजवीकडे ओढले की आवाज कमीजास्त करण्याची कळ दिसते. शेजारीच त्या वाद्याला गप्प बसवण्याची. येथे आमच्यातला कामगार कार्यकर्ता जागा होतो. एका बोटाने ढोलकीवाला गप्प होतो. आणि त्याचे आठ घरांचे वाजवणे कापून शंभर वेळा चिकटवताही येते. रात्रभर वाजवून बिदागी घेणाऱ्याला मजुरी मिळते ती एकदाच, पंधरावीस सेकंदांची. कंपनीचे तयार तुकडे फुकट वापरण्याची मुभा कंपनीनेच दिलेली असते. पण शेजारच्या कलावंताचे वाजवणे म्हणजे कंपनीचा तुकडा नव्हे. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने वाजवणाऱ्या-गाणाऱ्याचा हक्क आला आणि २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी वापरातला त्याचा वाटाही मान्य झाला. फडात मात्र हा करार कोणी कागदावर करीत नाही.

याच खोलीत त्याची सोय थोडी तरी आहे. ओळीच्या डोक्यावर यंत्राने आपणहून घातलेले नाव असते. त्यावर बोट ठेवले की नाव बदलण्याचा पर्याय येतो. तेथे वाजवणाऱ्याचे नाव घालावे. पण सारे गाणे एकत्र करून बाहेर पाठवले की ही नावे मागेच राहतात. म्हणून पाठवण्यापूर्वी कोणी काय वाजवले, किती बिदागी ठरली आणि गाणे पुढे विकले गेले तर वाटा किती, हे एका कागदावर उतरवून दोघांच्या सह्या घ्याव्यात.