कीचकाच्या वेशातला कर्झन
ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या नाट्यवेड्यांनो, हे माहीत असायलाच हवं!

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आलं. कथा महाभारतातली, पण प्रेक्षक नेमकं ओळखायचे: मस्तवाल कीचक म्हणजे माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे भारतमाता, सबुरीचा धर्मराज म्हणजे काँग्रेसमधले मवाळ आणि भीम म्हणजे जहाल.

कर्झनने १९०३ च्या दिल्ली दरबारात साम्राज्याचा थाट मिरवला होता. पण थाटाने जे दिपत नाहीत, त्यांना सरकारचा धाक! १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. त्याच वर्षी १९ एप्रिलला, नाशिकचा ब्रिटिश कलेक्टर जॅक्सन याच्या वधाच्या खटल्यात अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना आपल्या ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली.

गडकरी रंगायतन किंवा अत्रे रंगमंदिरात पौराणिक नाटक लागलं, की मुकुटाखाली कोण दडलंय, ते जरूर शोधा!

#कीचकवध #ठाणे #मराठीरंगभूमी